बिब्ब्याचं दूध

झुंबरबाईंच्या उजव्या अंगठ्याला आणि त्याशेजारच्या दोन बोटांना काळे डाग होते. साबण, राख, लिंबू, रॉकेल, सगळं करून झालं होतं. डाग जागचे हलले नव्हते. शेखरने, म्हणजे त्यांच्या मुलाने, इंदिरानगरात फ्लॅट घेऊन आईला गावाहून कायमचं आणलं, तेव्हा सोसायटीच्या गणपतीत समोरच्या फ्लॅटमधल्या रोशनीने ते डाग बघून कौतुकाने विचारलं होतं, "काकू, मेंदी का?"

"नाय बाई, बिब्बा हाय," झुंबरबाई म्हणाल्या.

रोशनीने घाईघाईने हात मागे घेतला. आणि थंडी पडल्यावर तीच टाचांच्या भेगा दाखवायला दार वाजवत आली. रोशनीच्या टाचा बऱ्या झाल्या, मग तिच्या आईचा खांदा, मग तिसऱ्या मजल्यावरच्या एका रिटायर साहेबांचा गुडघा. साहेब आयुष्यभर इंजेक्शनं देणाऱ्या खात्यात होते म्हणे. पण गुडघा धोतराबाहेर काढून झुंबरबाईंपुढे बसताना त्यांनी दार मात्र लावून घ्यायला सांगितलं.

बिब्बा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगायला हवं. डोंगरातल्या एका मोठ्या झाडाचं हे फळ. वरचं पिवळं बोंड वाळवून पोरं आवडीने खातात. खालचा काळा, चपटा, बदामाएवढा भाग तो बिब्बा. तो फोडला की आत पांढरी गोडंबी निघते, ती बाळंतिणीच्या लाडवात घालतात. आणि बोंड नि गोडंबी या दोन गोड गोष्टींच्या मधे, टरफलात, असं तेल भरलेलं असतं की कुणाकुणाच्या अंगाला नुसतं लागलं तरी तोंड सुजून भोपळा होतो आणि कातडीवर फोडांची रांग उठते. याला बिब्बा उतणं म्हणतात. कुणाला तो उततो, कुणाला उतत नाही. खाऊ, औषध आणि विष एका फळात घालताना देवाचं काय चाललं होतं, हे झुंबरबाईंच्या सासूलाही सांगता आलं नसतं. पण त्यातलं काय, कुणाला आणि किती, हे आपल्याला कळतं असं तिला वाटत होतं, आणि तिच्यामागे झुंबरबाईंनाही.

सासर घोटीच्या अलीकडचं. भाताची खाचरं. लावणी सुरू झाली की बायकांचे पाय दिवसभर चिखलात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होत, टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा पडत. संध्याकाळी बायका ओटीवर पाय पसरून बसत. सासू दाभणाच्या टोकाला बिब्बा टोचून दिव्यावर धरी, तेल चरचरायला लागलं की भेगेत टेके. बायका सासूच्या सात पिढ्या उद्धरत, आणि सकाळी पुन्हा लावणीला जात. कंबरेतली उसण, पायात मोडलेला काटा, दुखरा गुडघा, सगळ्याला हाच चटका. जुनाट खोकला आणि दमा मात्र दुधातून. बिब्बा तापवायचा, तेलाचे थेंब गार दुधात पाडायचे आणि जिभेला, ओठांना आतून तूप चोपडून ते दूध एका दमात प्यायचं.

नव्या नवरीच्या हातावर एकदा ते तेल सांडलं. सासूने आठवडाभर तो हात उलटसुलट करून बघितला. साधी पुळीसुद्धा आली नाही. मग सासूने दाभण सुनेच्या हातात दिलं आणि घरात झुंबरबाईंच्या शब्दाला किंमत आली.

सासूने दोन नेम घालून दिले होते. ज्याला तो उततो त्याच्यासमोर त्याचं नाव घ्यायचं नाही. नुसतं 'तो' म्हणायचं, जुन्या बायका नवऱ्याला म्हणत तसं. आणि दुसरा नेम असा, की कुणालाही चटका देण्याआधी किंवा दूध पाजण्याआधी विचारायचं, "तुझ्या आईनं बाळंतपणात गोडंबी खाल्ली व्हती का?" खाल्ली असेल तर लेकराची त्याच्याशी आईच्या दुधातूनच ओळख झालेली, त्याला तो उतणार नाही. खाल्ली नसेल तर दंडावर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका ठेवायचा आणि तीन दिवस थांबायचं.

हा प्रश्न झुंबरबाईंनी आयुष्यभर विचारला आणि लोकांनी आयुष्यभर "हो" असं उत्तर दिलं. आता आपल्या जन्माच्या वेळी आपल्या आईने काय खाल्लं हे कुणाला ठाऊक असतं? पण ठणकणारा गुडघा घेऊन आलेल्या माणसाला तीन दिवस थांबायचं नसतं. तो हो म्हणून मोकळा होतो. एवढी साधी गोष्ट झुंबरबाईंच्या कधी डोक्यात आली नाही. आली असती तर बरं झालं असतं.

सून तेजस्विनी गंगापूर रोडची, बँकेत अधिकारी. सासू-सुनेचं भांडण म्हणून कधी झालं नाही. नातेवाइकांत त्यांचं उदाहरण देत, पण मला विचाराल तर घोळ तिथेच होता. भांडणाऱ्या सासू-सुना रागाच्या भरात का होईना, एकमेकींना खरं सांगून टाकतात. या दोघी एकमेकींचं मन सांभाळत बसल्या.

तेजस्विनीचं बाळंतपण माहेरी झालं. झुंबरबाईंनी गावाकडून बिब्बे मागवले, स्वतः बसून फोडले, गोडंबी काढली, डिंक, खारीक, खोबरं, साजूक तूप घालून लाडू वळले आणि मोठा स्टीलचा डबा भरून शेखरबरोबर गंगापूर रोडला पाठवला. फोनवर विचारलं, "लाडू खातीस ना गं?" तेजस्विनी म्हणाली, "हो आई, छान झालेत." महिन्याने डबा परत आला, घासून लख्ख, आणि रिकामा डबा परत करू नये म्हणून आत चिमूटभर साखर. झुंबरबाईंनी ती साखर जिभेवर ठेवली. नातीची आणि त्याची ओळख झाली, काळजी मिटली, असं त्यांनी मनात धरून ठेवलं.

त्या नातीचं नाव सृष्टी. आता पहिलीत. आजीवाचून तिचं पान हलत नसे. भात आजीने कालवायचा, वेणी आजीने घालायची, पाणीसुद्धा आजीच्याच हातचं. आईबाप दोघं कामावर. दिवसभर घरात या दोघीच. म्हातारीने शहरातल्या चार भिंतींत तग धरला तो या पोरीच्या जिवावर.

बिब्ब्यांचा पत्र्याचा डबा तेजस्विनीने माळ्यावर ठेवायला लावला होता. "सोसायटीतल्या लोकांना काय द्यायचं ते द्या, आई. सृष्टीला मात्र मला विचारल्याशिवाय काही नको हं."

"तुला इचारल्याबिगर नाय देणार," झुंबरबाई म्हणाल्या होत्या.

यंदा दिवाळीनंतर सृष्टीला खोकला लागला तो हटेना. डॉक्टरांनी तपासून तोंडात ओढायचा पंप दिला. तो निळा पंप झुंबरबाईंच्या डोळ्यांत सलायचा. पोरीने तो ओढला की तिच्या छातीतून बारीक शिटी वाजे, आणि ती शिटी त्यांच्या ओळखीची होती. त्यांच्या नवऱ्याला दमा होता. दर थंडीला त्या त्याला बिब्ब्याचं दूध देत आणि तो थंडी काढी. एका वर्षी त्याने ऐकलं नाही. दवाखान्याच्या गोळ्या घेतो म्हणाला, दूध सोडलं आणि माघात उशीला टेकून श्वास शोधत शोधत गेला. गोळ्यांनी गेला की दम्याने, की त्याची वेळच भरली होती, कोण सांगणार? झुंबरबाईंनी मात्र पक्कं ठरवलं होतं, दूध सोडलं म्हणून गेला.

आता तीच शिटी सहा वर्षांच्या पोरीच्या छातीत.

मधे एक गोष्ट घडली. खालच्या मजल्यावरच्या आयुषच्या वाढदिवसाला सृष्टीने काजूकतली खाल्ली आणि घरी आली ती ओठ जाड करून. मानेवर लाल गांधी उठल्या होत्या. झुंबरबाईंनी खोबरेल चोळलं, थोडं तूप चाटवलं. संध्याकाळी तेजस्विनी येईपर्यंत सगळं उतरलं होतं, तेव्हा त्यांनी तिला काही सांगितलं नाही. उगाच पोरीचं खाणं बंद करतील. पण हात धुताना त्यांना सासूचं बोलणं आठवलं. काजूचं टरफल भाजताना ज्याचं तोंड सुजतं त्याने बिब्ब्याच्या वाटेलाही जाऊ नये, असं सासू म्हणायची. काजू म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. झुंबरबाईंना हे आठवलं, आणि आवडलं नाही, म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवलं.

पौषात तेजस्विनीला बँकेने ट्रेनिंगला पुण्याला पाठवलं. शेखर सकाळी कारखान्यात गेला. खोकला होता म्हणून सृष्टीला शाळेला पाठवलं नव्हतं. दुपारी जेवता जेवता तिला उबळ आली आणि खाल्लेलं सगळं पडलं. पंप दिला. जरा थांबलं, पुन्हा सुरू. झुंबरबाईंनी तिला मांडीवर पालथं घेऊन पाठीला कान लावला. आत मांजर गुरगुरल्यासारखा आवाज येत होता. तेजस्विनीला फोन लावला, तो बंद. ट्रेनिंगमधे बंदच ठेवत असतील.

विचारायला सांगितलं होतं, आपण विचारायला गेलो, फोन लागला नाही. आता यात आपली काय चूक, असा हिशेब त्यांनी मनात केला. असे हिशेब माणूस फार पटापट करतो.

त्यांनी स्टूल ओढलं आणि माळ्यावरचा डबा काढला.

देवघरातलं निरांजन पेटवून ओट्यावर ठेवलं. वाटीत गार दूध घेतलं. डब्यातला त्यातल्या त्यात भरलेला बिब्बा निवडला, दाभण टोचलं आणि ज्योतीवर धरला. काळं टरफल चमकायला लागलं, धूर निघाला, आणि तो वास घरभर पसरला, तिखट, घशाला लागणारा. सृष्टी नाक दाबून दारात उभी राहिली. तिचा फुगलेला ओठ, मानेवरच्या गांधी झुंबरबाईंच्या डोळ्यांपुढे आल्या. हात ज्योतीवरून बाजूला झाला. दंडावर ठिपका ठेवावा, तीन दिवस थांबावं, असंही मनात आलं. तेवढ्यात पोरीला पुन्हा उबळ आली, आणि तिच्या गळ्याखालचा खड्डा दर श्वासाला आत जाताना दिसला.

'लाडू मीच वळलेत,' झुंबरबाईंनी स्वतःला बजावलं. 'डबा मीच धाडलाय. या पोरीला कसला ठिपका?'

टरफल चरचरलं. तेल सुटलं. दुधात तीन थेंब पडले आणि तपकिरी, तेलकट चक्रं पसरली. त्यांनी चमच्याने ती मोडली आणि साखर घातली.

बोटावर तूप घेऊन त्यांनी सृष्टीच्या ओठांना, जिभेला, टाळूला चोपडलं. पोरगी हसली, गुदगुल्या होतात म्हणाली. मग वाटीत डोकावली. "आज्जी, दूध मळकट का दिसतंय?"

"गूळ हाय त्यात. घटाघट पी, मधी थांबू नको."

सृष्टीने आजीकडे बघितलं, वाटी दोन्ही हातांत धरली आणि एका दमात रिकामी केली. मग शहाण्या मुलीसारखी तोंड पुसून चित्रं काढायला बसली.

झुंबरबाई समोर बसून राहिल्या. आधी खोकला खरंच थांबला. त्यांनी देवाला हात जोडले. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. सृष्टी घर काढत होती, कौलारू, त्याला धुराडं. काढता काढता तिने हनुवटी खाजवली. मग ओठ. मग पुन्हा हनुवटी, जरा जोरात.

"काय झालं गं?"

"काही नाही." पण ते 'काही नाही' जाड जिभेने आलं.

झुंबरबाई उठल्या. खोबऱ्याची वाटी फोडली, चावायला दिली. पोरीला चावता येईना. काळे तीळ वाटायला घेतले, तोवर ओठ बदलत चाललेले स्वयंपाकघरातूनही दिसायला लागले. तूप लावलं, खोबरेल लावलं. सासूने सांगितलेलं जे जे होतं ते सगळं त्यांनी केलं आणि यातलं काहीही त्या सुजेला लागू पडेना. डोळ्यांच्या फटी मिटत आल्या. सृष्टी रडायला लागली आणि मधेच तिचं रडणं बंद झालं, कारण रडायला वारा लागतो. तोंड उघडं, आवाज नाही, आणि आत कुठेतरी एक चिरका सूर.

झुंबरबाईंनी तिला उचललं आणि अनवाणीच समोरचं दार दोन्ही हातांनी बडवलं. "रोशनी! अगं रोशनी! पोरगी गेली माझी!"

रोशनीने प्रश्न विचारायच्या आत गाडीची किल्ली घेतली, हे तिचे उपकारच. रस्त्यात मात्र हॉर्नवरचा हात न काढता तिने विचारलं, "काय खाल्लं हो हिनं, काकू?"

"दूध प्याली," झुंबरबाई म्हणाल्या.

ते खोटं नव्हतं. मांडीवर पोरीचं अंग गरम होतं आणि प्रत्येक श्वास खेचून आणल्यासारखा येत होता. झुंबरबाईंना पुढचं सगळं दिसत होतं. शेखर गाडीत सामान घालून आपल्याला गावाला नेतोय. कुलूप लावलेलं गावचं घर. पोरगी फोनवरसुद्धा नाही. सून कधी मोठ्याने बोलणार नाही, नुसतं दार लावून घेईल. सत्तरीच्या बाईला याहून मोठी शिक्षा नाही, आणि ती फक्त एका शब्दावर अडली होती.

दवाखान्यात स्ट्रेचर आलं. एक तरुण डॉक्टरीण धावत आली, टॉर्चने घसा बघितला, नर्सला काहीतरी सांगितलं आणि मागे न बघता विचारलं, "काय दिलं होतं हिला?"

"दूध प्यायली म्हणे," रोशनीने सांगितलं.

"नुसतं दूध? नेहमी पिते ना? मग आजच काय झालं? कशात काय मिसळलं होतं?" आता ती वळली. तिची नजर झुंबरबाईंवर स्थिरावली. "आजी, घशात फोड आहेत. हे दुधाने होत नाही. मला लवकर सांगा."

सृष्टीचे ओठ निळसर पडायला लागले होते. जन्मभर ज्याचं नाव जपून घेतलं ते झुंबरबाईंनी भर दवाखान्यात ओरडून घेतलं. "बिब्बा! बिब्ब्याचं तेल, तीन थेंब. म्या पाजलं. आन् मागं काजू खाल्ल्यावरबी तोंड सुजलं व्हतं तिचं."

डॉक्टरीण रागावली नाही, तेवढा वेळच नव्हता. मांडीत सुई गेली, तोंडावर मास्क आला, पडदा ओढला गेला. रोशनीने झुंबरबाईंना बाकावर बसवलं. तिच्या चेहऱ्यावर आता भीती होती, पण ती सृष्टीबद्दलची राहिली नव्हती. ती स्वतःच्या टाचांकडे बघत होती.

शेखर आला तो कंपनीच्या कपड्यांतच. तोवर डॉक्टरीण बाहेर येऊन सांगून गेली होती, श्वास सुरळीत होतोय, पण आज आयसीयूत ठेवू. घशाची सूज पुन्हा वाढू शकते, मूत्रपिंडावरही लक्ष ठेवायला हवं. शेखरने सगळं ऐकून घेतलं. आईजवळ येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "तू वेडी आहेस का गं, आई?" त्याचा आवाज फुटला.

तेजस्विनी रात्री पोहोचली. काचेतून लेकीला बघितलं, भिंतीला हात टेकला, मग सासूसमोर येऊन बसली. "आई, मला विचारायचं ठरलं होतं ना आपलं?"

"फोन लावला गं. लागला नाय." झुंबरबाईंनी पदराने डोळे पुसले. "मला वाटलं तिला उतायचा नाय. तू लाडू खाल्ले व्हते ना गोडंबीचे? ज्या लेकराच्या आईनं गोडंबी खाल्ली, त्याला तो कधी उतत नाय. आमच्याकडं आजवर कधी झालं नाय असं. म्हणून ठिपकासुद्धा ठेवला नाय म्या."

तेजस्विनीचं तोंड उतरलं. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं.

"मी नव्हते खाल्ले," ती म्हणाली. "एकच खाल्ला होता. ओठ खाजायला लागले, जीभ सुजल्यासारखी झाली. माझ्या आईनं बाकीचे वॉचमनला देऊन टाकले. तुम्ही एवढ्या हौसेनं केले होते... तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. मला काय माहीत, त्याचा असा संबंध असतो म्हणून!" आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. "माझीच चूक आहे. मी तेव्हा खरं सांगितलं असतं तर..."

"आज सांगतेस?" शेखर बायकोवर उखडला. "सहा वर्षं? साधी गोष्ट होती, तेजू! एक फोन! तुझ्या गोडगोड बोलण्यापायी पोरीचा जीव..." बाकावरचे दुसरे लोक बघायला लागले. तेजस्विनी मान खाली घालून ऐकत होती.

आणि झुंबरबाईंना बरं वाटलं.

लाज वाटावी अशी गोष्ट आहे, पण खरी आहे. छातीवरचा दगड कुणीतरी उचलून दुसरीकडे ठेवला होता. नेम खोटा नव्हता, हात चुकला नव्हता, सासू बरोबर होती. सुनेने खोटं सांगितलं म्हणून हे झालं. शेखर तिच्यावर ओरडत होता, आणि त्यांनी त्याला ओरडू दिलं. एवढंच करायचं होतं, गप्प बसायचं. गावचं कुलूप उघडावं लागणार नव्हतं.

मग त्या सुटकेच्या मागोमाग दुसरं काहीतरी आलं. सूनही "हो" म्हणाली होती. चांगली शिकलेली, कधी वाकडं न बोलणारी सून, नुसतं मन राखायला हो म्हणाली. मग बाकीचे? ओटीवरच्या बायका, वाडीवरची पोरं, साहेबांचा गुडघा? एकेक चेहरा डोळ्यांपुढे यायला लागला आणि प्रत्येक जण मान डोलवून हो म्हणत होता. खोकल्यासाठी दूध पाजलेलं एक लेकरू होतं, शेजारच्या वाडीतलं. दोन दिवसांनी गेलं. न्यूमोनियाने, सगळे म्हणाले. त्याही म्हणाल्या. त्याच्या आईलाही त्यांनी विचारलं होतं, आणि तीही हो म्हणाली होती. झुंबरबाईंनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं आणि हात पदराखाली घेतले.

"शेखर, गप," त्या म्हणाल्या. "ओरडू नको तिच्यावर."

"तू मधे पडू नको, आई."

"ऐक आधी. काजूकतली खाऊन पोरीचं तोंड सुजलं व्हतं, म्या पाहिलं. काजू न् तो एकाच रक्ताचे, माझ्या सासूनं मला धडधडीत सांगितलं व्हतं. तेजूला म्या सांगितलं नाय. बिब्बा दिव्यावर धरला तवाबी ते आठवलं. आठवून म्या पाजलं. हिनं लाडू खाल्ले असते तरी म्या दिसलेलं झाकलंच असतं." त्यांचा श्वास लागला. "फोन तर एकदाच लावला. पुन्हा लावला नाय."

तेजस्विनीने रडणं थांबवून सासूकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्या दोघी एकमेकींशी पहिल्यांदाच खरं बोलल्या होत्या, आणि आता त्याचा काय उपयोग, असं त्या बघण्यात होतं. मग ती उठून काचेपाशी जाऊन उभी राहिली.

दोन रात्री गेल्या. सूज ओसरली. सृष्टीला साध्या खोलीत आणलं तेव्हा तिच्या तोंडाभोवती फोडांच्या काळपट खपल्या धरल्या होत्या आणि आवाज घोगरा झाला होता, पण ती होती. शेखरने आईला गावी पाठवायचं नाव काढलं नाही. तेजस्विनीनेही नाही. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "या आई, भेटून घ्या." झुंबरबाईंनी हात साबणाने पुन्हा पुन्हा घासले आणि खोलीत गेल्या.

पोरगी उशीला टेकून बसली होती. खिडकीतून ऊन आलं होतं. तिने आजीला बघितलं. हसली नाही, रडलीही नाही. मग आईला म्हणाली, "पाणी."

पेला आणि जग झुंबरबाईंच्या बाजूला होते. सवयीने त्यांनी पाणी ओतलं, पलंगाच्या कडेला टेकल्या, एक हात पोरीच्या पाठीमागे घातला आणि पेला तिच्या ओठांशी नेला.

सृष्टीने ओठ घट्ट मिटून घेतले.

"पी बाळा. पाणीच हाय," झुंबरबाई म्हणाल्या.

पोरीने पेल्यात डोकावून पाहिलं. पाणी स्वच्छ होतं. तिने मान बाजूला केली आणि आईकडे बघितलं. खपल्यांखाली तिची हनुवटी थरथरत होती. तहान लागली होती तिला, ते दिसत होतं. झुंबरबाईंचा हात तसाच हवेत राहिला. पेला खाली ठेवायचंही त्यांना सुचेना.

तेजस्विनी पुढे आली. तिने रागाने काही केलं नाही. सासूच्या हातातून पेला अलगद घेतला, लेकीला दिसेल असा वर धरला आणि त्यातला एक घोट स्वतः प्यायली.

मग सृष्टीने तोंड उघडलं.